खुर्चीत तपासलेलं पोट

मोठ्या आतड्याला पिशव्या येतात आणि कधी कधी त्या सुजतात, हे मी एमबीबीएसला वाचलं होतं. डायव्हर्टिक्युलायटिस हे नाव पाठ होतं. त्या पानाच्या समासात आमच्या सरांचं एक वाक्य मी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे परीक्षेपुरता. पुढे सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी दवाखाना थाटला आणि कित्येक वर्षं त्या वाक्याच्या भरवशावर लोकांची पोटं तपासली.

सरांचं म्हणणं निराधार नव्हतं. १९७१ साली नील पेंटर आणि डेनिस बर्किट या दोन सर्जनांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. बर्किट यांनी युगांडात अनेक वर्षं काम केलेलं. आफ्रिकेतल्या खेड्यांत हा आजार जवळपास दिसत नाही, इंग्लंडात मात्र उतारवयात तो सर्रास असतो, आणि याचं कारण पांढरा पाव व चोथा नसलेलं जेवण, अशी त्यांची मांडणी. मला ती फार पटली. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी खाणाऱ्या आमच्या मुलखात हे दुखणं कुठून येणार? लेख अख्ख्या समाजांबद्दल होता. मी तो समोर बसलेल्या एकेका माणसाला लावत गेलो. आणि तो माणूसही बदलत होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. गावात बेकऱ्या निघाल्या होत्या, सकाळच्या शिळ्या भाकरीची जागा चहा-खारीने घेतली होती, आणि मुख्य म्हणजे लोक सत्तरी-पंचाहत्तरी सहज ओलांडू लागले होते. या पिशव्या वयाबरोबर वाढत जातात.

आतड्याच्या भिंतीत स्नायूचा थर असतो. रक्तवाहिन्या तो थर भेदून आत शिरतात, तिथे भिंत जरा दुबळी असते. आतला दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की अशा जागेतून आतलं अस्तर बाहेर फुगतं. जुन्या सायकलच्या टायरला चीर गेली की त्यातून ट्यूब डोकावते, तसंच हे. डाव्या बाजूला खाली, गुदाशयाच्या जरा वर, आतडं इंग्रजी एस अक्षरासारखं वळतं. त्याला सिग्मॉइड म्हणतात. तो भाग अरुंद, तिथे दाब जास्त, म्हणून तिथे या पिशव्या फार. जपान आणि कोरियात मात्र त्या जास्त करून उजव्या बाजूला सापडतात आणि दुखलं की अपेंडिक्स वाटतात. नुसत्या पिशव्या असणं हा काही आजार नव्हे. पिशव्या असलेल्यांपैकी शंभरातल्या पाचजणांनाही आयुष्यात त्यांची सूज येत नाही. पण ज्याला येते त्याची पिशवी चिरली तर जिवावर बेततं, कारण तिला बाहेरून स्नायूचा आधार नसतो.

हे सगळं मी नंतर नीट वाचलं. आधी मास्तर आले.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, वारकरी. दरवर्षी आषाढीला पायी पंढरपूरला जायचे. गुडघे पार गेले होते, तरी वारी चुकवायची नाही हा त्यांचा पण. २००३ साली निघण्याआधी ते माझ्याकडे आले. मी त्यांना डायक्लोफिनॅकच्या गोळ्यांच्या पट्ट्या बांधून दिल्या. सोबत थोडं प्रेडनिसोलोनही दिलं, म्हणजे स्टेरॉइड. चालताना त्रास होऊ नये एवढाच विचार होता. "डॉक्टर, यंदा तुमच्या जिवावर चालणार," असं म्हणून ते हसत गेले आणि खरंच सगळी वाट चालून आले. परत आल्यावरही गोळ्या चालूच ठेवल्या, कारण बंद करा असं मी सांगितलं नव्हतं.

ही वेदनाशामकं आणि स्टेरॉइडं आतड्यातली पिशवी फुटण्याचा धोका वाढवतात. शिवाय स्टेरॉइड चालू असलं की पोटात पू झाला तरी पोट फारसं बोलत नाही. ताप चढत नाही, स्नायू आखडत नाहीत. पुस्तकात हे लिहिलेलं होतं. पुस्तक माझ्या दवाखान्यातच कपाटात होतं.

श्रावणातला बाजारचा दिवस होता. दवाखाना भरून बाहेर पायरीपर्यंत माणसं. मास्तर नंबर लावून बसले होते. मी ओळखीने आधी बोलावलं तर आले नाहीत, आपली पाळी आली तेव्हाच आत आले. ओटीपोटात डावीकडे दुखतंय, दोन-तीन दिवस शौचाला साफ नाही, लघवीला सारखं जावं लागतंय, असं त्यांनी शिकवल्यासारखं क्रमाने सांगितलं. मी लघवीचं ऐकलं आणि पुढचं ऐकणं तिथेच संपलं. लघवी तपासली. त्यात थोड्या पू-पेशी निघाल्या. मूत्रमार्गाचा संसर्ग, असं केसपेपरवर लिहून मी मोकळा झालो. सुजलेलं सिग्मॉइड मूत्राशयाला चिकटून असतं, त्यामुळे मूत्राशय चाळवतं आणि लघवीतही थोड्या पेशी दिसतात, हे डोक्यात आलंच नाही.

पोट तपासलं मी. पण ते खुर्चीत बसले होते तसेच. सदऱ्यावरून, एका हाताने, दुसऱ्या हाताने चिठ्ठी लिहीत. आतल्या खोलीत तपासणीचं टेबल रिकामं होतं. मास्तरांना उठवून तिथे निजवायला, सदरा वर करायला लावायला आणि तळहात ठेवून हळूहळू दाबत जायला मोजून तीन मिनिटं लागली असती. डावीकडे दाबलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. मी म्हटलं, "गॅस धरलाय, मास्तर." लघवीच्या संसर्गावर नॉरफ्लॉक्सॅसिन लिहिलं, दुखण्यावर पुन्हा डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं आणि शौचाला साफ नाही म्हणून कंपाउंडरला एनिमा द्यायला सांगितला.

एनिमामुळेच आतडं फुटलं असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण आतून सुजलेल्या आतड्यात आणखी दाब भरायचा नसतो, आणि ते सुजलंय की नाही हे पाहण्याची संधी माझ्या हाताखाली होती.

दुसऱ्या दिवशी रात्री त्यांचा मुलगा मला घ्यायला आला. घरी गेलो. मास्तर खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. नाडी १२०, अंगाला घाम. आता मी पोट नीट तपासलं, पण ते मला वाटलं तितकं कडक लागेना. ताप नव्हता. या दोन गोष्टींनी मला दिलासा दिला. त्या दिलासा देणाऱ्या गोष्टी नव्हत्याच. ती माझ्याच स्टेरॉइडची करामत होती, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. मी सलाईन लावलं आणि उजाडेपर्यंत वाट बघू म्हणालो. त्यात रात्रीचे मोलाचे तास गेले. पहाटे रक्तदाब खाली आला तेव्हा जीप करून मिरजेला निघालो.

मिरजेत सर्जननी क्ष-किरण काढला. पोटात मोकळी हवा दिसत होती, म्हणजे आतड्याला भोक. पोट उघडलं तर सिग्मॉइडची पिशवी फुटून मळ पोटभर पसरलेला. या आजाराच्या गुंतागुंतीच्या चार पायऱ्या १९७८ साली हिंची या सर्जनने मांडल्या. आतड्यालगतचा छोटा गळू ही पहिली, पोटभर मळ पसरणं ही चौथी. मास्तर थेट चौथ्या पायरीवर होते. फुटलेला भाग काढला, खालचं तोंड शिवून टाकलं, वरचं तोंड पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर आणलं. हार्टमान यांचं ऑपरेशन. पॅरिसच्या या सर्जनने १९२१ साली ते कॅन्सरसाठी सांगितलं होतं. अशा अवघड वेळी जीव वाचवायला ते आजही करतात.

मास्तर वाचले. बरेच दिवस अतिदक्षता विभागात होते, जखमेत पू झाला, पण वाचले. त्यानंतर पोटावर शौचाची पिशवी आली. तीन-चार महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून आतडं पुन्हा जोडता येतं. पण मधल्या काळात त्यांच्या हृदयाचा दोष उघड झाला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी धोका जास्त आहे असं सांगितलं. पिशवी कायमची राहिली. तेव्हा त्या पिशव्या गावात मिळत नसत. मुलगा पुण्याहून आणायचा, आणि आणलेल्या संपत आल्या की वहिनी वापरलेली धुऊन पुन्हा लावायच्या. मास्तर पंगतीला बसेनासे झाले. देवळात कीर्तनाला गेले तर मागे, दाराजवळ बसायचे आणि लवकर उठायचे. वारीला पुन्हा गेले नाहीत. पिशवी लावून चालता येतं, नीट शिकवलं तर माणसं सगळं करतात, हे मला पुढे कळलं. मास्तरांना ते कुणी शिकवलं नाही. मीही नाही.

ऑपरेशन झाल्यावर मिरजेच्या त्या वॉर्डाबाहेर मुलाने मला विचारलं होतं, "डॉक्टर, आधी कळलं नसतं का हो?"

मी म्हणालो, "हा आजार आपल्याकडे फार दुर्मीळ आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याने आजार किती दुर्मीळ आहे ते विचारलं नव्हतं. त्याने माझ्याबद्दल विचारलं होतं. तो मान हलवून गप्प बसला, आणि ते घर मला पूर्वीपेक्षाही जास्त मानू लागलं. दिवाळीला फराळाचा डबा आला. तो डबा घेताना मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही.

वर्षभराने मास्तरांनाच सांगितलं. त्यांच्या घरी, दुपारी, वहिनी बाहेर गेल्या असताना. खुर्चीत तपासल्याचं, गोळ्यांचं, एनिमाचं, रात्री थांबल्याचं सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी कागद मागितला आणि आतडं कसं असतं, पिशवी कुठे येते, ते मला काढून दाखवायला लावलं. चित्र पाहून म्हणाले, "हे मुलाला सांगितलंत का?"

"नाही."

"त्याने विचारलं होतं ना? मग त्याला सांगा. मला सांगून त्याच्या प्रश्नाचं उत्तर कसं होईल?"

मी मुलाला सांगितलं. तो आवाज न चढवता उठून गेला आणि पुन्हा माझ्या दवाखान्याची पायरी चढला नाही. मास्तर मात्र शेवटपर्यंत माझ्याकडेच येत राहिले. काही वर्षांनी हृदयविकाराने गेले.

मास्तरांनंतर मी उलट्या टोकाला गेलो. डावीकडे खाली दुखतं म्हणणारा प्रत्येक पेशंट मला संशयित वाटू लागला. सीटी स्कॅन जिल्ह्याच्या ठिकाणी सहज होऊ लागला तशी निदानं निघायलाही लागली. आजार आपल्याकडे होताच, बघणारा नव्हता. सूज साधी असो की गुंतागुंतीची, सगळ्यांना सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि मेट्रोनिडॅझोल. स्वीडन आणि आइसलँडमध्ये ६२३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सीटीवर सिद्ध झालेल्या, गुंतागुंत नसलेल्या सुजेत अँटिबायोटिक दिल्याने माणूस लवकर बरा होत नाही आणि न दिल्याने गुंतागुंतही वाढत नाही, असं त्यात दिसलं. पुढे नेदरलँड्समध्ये ५२८ रुग्णांवरच्या अभ्यासातही बरं होण्याच्या वेळेत फरक आढळला नाही. ज्याची प्रकृती मुळात चांगली आहे, ताप फारसा नाही, पोटात गळू नाही, त्याला विश्रांती, पातळ आहार, पॅरासिटामॉल आणि जवळून लक्ष एवढं बहुतेक वेळा पुरतं. म्हातारे, स्टेरॉइड घेणारे, प्रतिकारशक्ती कमी असलेले, गळू झालेले, यांची गोष्ट वेगळी. त्यांना अँटिबायोटिक लागतंच, कधी सुई घालून पू काढावा लागतो. माझी पंचाईत अशी की 'जवळून लक्ष' या औषधाला माझ्याकडे वेळ नव्हता, म्हणून मी गोळ्या देत होतो. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारणं, तिसऱ्या दिवशी पुन्हा पोट बघणं मी पुष्कळ उशिरा सुरू केलं.

आणि पथ्य. बी असलेलं काही खायचं नाही, ते पिशवीत अडकतं, असं मी ठणकावून सांगायचो. पेरू, टोमॅटो, वांगं, अंजीर, तीळ, शेंगदाणे, सगळं बंद. याला आधार काय, हे मी कधी शोधलं नव्हतं. ऐकायला पटतं, एवढाच आधार. २००८ साली अमेरिकेत ४७,२२८ पुरुषांवर अठरा वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास आला. दाणे, सुकामेवा, मका, लाह्या खाणाऱ्यांना हा आजार जास्त होत नाही असं त्यात निघालं. दाणे आणि लाह्या भरपूर खाणाऱ्यांत तर तो कमीच दिसला. मला हे कळायलाही दोन वर्षं गेली. गावातल्या एक काकू माझ्या सांगण्यावरून तोपर्यंत संक्रांतीला हळदीकुंकू करायच्या, सगळ्यांना तिळगूळ वाटायच्या, पण स्वतः तोंडात टाकायच्या नाहीत. घरात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही, म्हणून स्वतःची वाटी वेगळी काढायच्या. मी जाऊन सांगितलं की आता सगळं खा, माझं सांगणं चुकीचं होतं. त्या म्हणाल्या, "आता भीती बसली हो डॉक्टर. आता नाही खाववत." मोड आलेली कडधान्यं, भाकरी, पालेभाजी, फळं, चालणं, वजन आटोक्यात, तंबाखू बंद, लाल मांस कमी, वेदनाशामकं सांभाळून. खरं पथ्य एवढंच आहे. ते सांगण्याऐवजी मी एका बाईच्या ताटातले पदार्थ काढून घेतले आणि त्यांना आयुष्यभराची धास्ती दिली.

शेवटची गोष्ट किराणा दुकानदाराची. पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसून. डावीकडे दुखायला लागलं, मी टेबलावर निजवून तपासलं, त्याच दिवशी सीटीला पाठवलं. सिग्मॉइडची भिंत जाड, पिशव्या, भोवतीच्या चरबीत सूज, गळू नाही. अँटिबायोटिक न देता रोज बघत राहिलो आणि आठवड्यात ते बरे झाले. मास्तरांच्या वेळी जे जे चुकलं ते ते मी इथे नीट केलं होतं, आणि त्यात मी फार समाधानी झालो. सीटीच्या अहवालाच्या तळाशी एक ओळ होती: सूज ओसरल्यावर कोलोनोस्कोपी करावी. ती सहा ते आठ आठवड्यांनी करतात. सुजेच्या ऐन भरात केली तर आतडं फुटण्याची भीती असते. नंतर करायची ती एवढ्यासाठी की भिंतीचा जाडपणा सुजेचा असो की कॅन्सरचा, सीटीत दोन्ही सारखेच दिसू शकतात.

मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "आता काहीच दुखत नाही की." दसरा-दिवाळीचे दिवस, दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मी आग्रह केला नाही. वहीत नोंद केली नाही, दिवाळीनंतर फोन केला नाही. पुढच्या वर्षी त्यांना अशक्तपणा आला, शौचाचा आकार बारीक झाला, अधूनमधून कळ येऊ लागली. मी म्हणालो, जुनंच दुखणं आहे, चोथा वाढवा. निदान एकदा माझ्या हाताने झालेलं होतं, ते बरोबर आलेलं होतं, ते पुन्हा उघडून बघायचं माझ्या मनातही आलं नाही. आतडं बंद होऊन ते मिरजेला गेले तेव्हा गाठ यकृतापर्यंत पोचली होती. पहिल्या सीटीतल्या त्याच जागी कॅन्सर होता. त्या वेळी दुर्बिणीने पाहिलं असतं तर तो कुठल्या अवस्थेत सापडला असता, हे कुणीच सांगू शकणार नाही. वर्षभरात ते गेले.

या वेळी मी कुणी विचारायची वाट पाहिली नाही. तेराव्यानंतर घरी गेलो, बायको आणि दोन्ही मुलं समोर असताना अहवालातली ती ओळ वाचून दाखवली आणि ती मी मागे पडू दिली हे सांगितलं. थोरला रागावला, त्याला तो हक्क होता. बाईंनी विचारलं, "पोरांना धोका आहे का?" आहे. आई-वडिलांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर मुलांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा आई-वडिलांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यायची असते. थोरल्याची चाळिशी आली तेव्हा त्याने करून घेतली. एक पॉलिप निघाला, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकेल अशी छोटी गाठ. ती तिथल्या तिथे काढली. त्याला आता ठरावीक वर्षांनी पुन्हा जायचं आहे.

धाकट्याचीही चाळिशी उलटली, पण तो अजून गेलेला नाही. दुकान आता तो चालवतो आणि वेळ नाही म्हणतो. माझा दवाखाना बंद झाला तरी त्याचा नंबर माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात फोन केला होता, या सोमवारी पुन्हा करायचा आहे.